कॅमेरा बंद होता, मी चालू होतो

मित्रांनो, आधी माझी मापे सांगतो, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. लांबी बारा मिलिमीटर, जाडी पाच. वजन एका शेंगदाण्याएवढे. रंग काळा, पण कडा घासून आता करड्या झाल्या आहेत. मी कॉलरला लावायचा माइक आहे आणि मला एकोणीस वर्षे पूर्ण झाली. आमच्या जातीत एवढे वय म्हणजे फारच झाले. बहुतेक जण घामाने गंजून सातव्या-आठव्या वर्षीच मुके होतात.

माझ्या पोटात एक पडदा आहे, केसापेक्षाही पातळ. कोणी बोलले की हवा हलते, हवेबरोबर पडदा हलतो, आणि त्या हलण्याची वीज होऊन तारेतून पुढे जाते. एवढेच माझे काम. कारखान्यात एका बाईने भिंगाखाली, श्वास रोखून, चिमट्याने तो पडदा बसवला. मग मला एका खोलीत नेले. तिथे भिंतींना स्पंजचे सुळके होते आणि शांतता इतकी, की तपासणाऱ्याचे घड्याळ मला हातोड्यासारखे ऐकू आले. त्याने कागदावर लिहिले, ‘कान उत्तम.’ या दोन शब्दांचा मला फार वर्षे गर्व होता. आता नाही. का नाही, तेच सांगायला बसलो आहे.

पहिली पाच वर्षे मी बातम्या देणाऱ्या एका गृहस्थाच्या कोटावर काढली. तेव्हा माझे फार लाड झाले. मखमलीची डबी होती आणि पुसायला वेगळा कपडा होता. मग नवे माइक आले. मी तीन वर्षे एका खणात स्टेपलरच्या पिनांखाली पडून होतो. तिथून मला कानसेनने उचलले.

कानसेन हे त्याचे टोपणनाव. स्वतंत्रपणे सिनेमे काढणाऱ्या लोकांसाठी तो आवाज ध्वनिमुद्रित करतो. स्वतंत्र सिनेमा म्हणजे, मित्रांनो, ज्याच्या मागे मोठी कंपनी नसते, दिग्दर्शकच गाडी चालवतो आणि दिग्दर्शकाची मावशीच स्वयंपाक करते. अशा सिनेमांचा एक महोत्सव कानसेनच्या गावात दरवर्षी भरतो. समुद्राला लागून एक जुने सभागृह आहे. खारा वारा खिडक्यांच्या बिजागऱ्या खातो, खुर्च्यांचे स्क्रू खातो आणि मलाही खातो. तिथे प्रत्येक सिनेमानंतर दिग्दर्शकाशी गप्पा होतात. नावाला गप्पा. प्रत्यक्षात ती उलटतपासणी असते. गावातले लोक पुढच्या रांगांत हाताची घडी घालून बसतात आणि सिनेमा आवडला नाही तर तोंडावर सांगतात. एकदा एका पाहुण्या दिग्दर्शकाला एक आजी म्हणाल्या होत्या, “समुद्र छान दिसला. तो आमचाच आहे. बाकी तुझं काय होतं त्यात?” तो माणूस परत कधी आला नाही. त्याच्या कॉलरवर मी होतो. गिळलेला आवंढा कसा ऐकू येतो, ते मला त्या दिवशी कळले.

आता खरी गोष्ट.

सभागृहापासून चार गल्ल्या सोडून होड्यांची इंजिने दुरुस्त करणारा एक कारखाना आहे. पाटीवर एका म्हाताऱ्या मेस्त्रींचे नाव आहे. त्यांना दोन मुली. थोरली त्यांच्याबरोबर कारखान्यात काम करते. धाकटी सिनेमाचे शिक्षण घ्यायला गेली आणि नऊ वर्षांनी परत आली, ती कॅमेरा घेऊन. तिला बापावर माहितीपट करायचा होता. बापाच्या हातांवर. ज्या हातांनी पन्नास वर्षे गावातले प्रत्येक इंजिन खोलले आणि परत जोडले, त्या हातांवर.

बाप हरखून गेला. येईल त्या होडीवाल्याला थांबवून सांगायचा, “धाकटी माझ्यावर सिनेमा काढतेय.”

थोरली हरखली नाही. पहिल्याच दिवशी धाकटीने संमतीचा कागद पुढे केला, तेव्हा तिने तेलकट बोटांनी पेन धरून न वाचताच सही ठोकली आणि म्हणाली, “नऊ वर्षांत बाबांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला नाही आलीस. कॅमेऱ्याला मात्र बरी सुट्टी मिळाली.”

“ताई, सुरुवात नको करूस.”

“मी कुठे करतेय? सुरुवात तू करायची असते ना? ‘ॲक्शन’ की काय ते म्हणून?”

तीन आठवडे चित्रीकरण चालले आणि तीनही आठवडे त्या दोघी अशाच बोलत राहिल्या. मी बहुतेक वेळ बापाच्या सदऱ्याला असे. पण एका दिवशी थोरलीची मुलाखत होती, म्हणून कानसेनने मला तिच्या कपड्याच्या आत, गळ्याच्या काठाखाली चिकटपट्टीने बसवले. तार पाठीवरून नेऊन कमरेच्या डबीत खोचली. या बसवण्याला दहा मिनिटे लागतात. म्हणूनच मधली सुट्टी झाली तरी आम्हाला कोणी काढत नाही.

आणि इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट तुम्हाला सांगितली पाहिजे. कॅमेरा आणि आवाजाचे यंत्र वेगवेगळे असतात. कॅमेरा सारखा बंद-चालू होतो, पण कानसेन आवाजाचे यंत्र सकाळी सुरू करतो ते संध्याकाळीच थांबवतो. मध्ये मध्ये थांबवले तर शंभर तुकडे होतात आणि ते चित्राशी जुळवताना जीव नकोसा होतो. कॅमेऱ्यावर लाल दिवा असतो. माझ्यावर काही नसते. त्यामुळे लाल दिवा विझला की लोकांना वाटते, सगळेच बंद झाले.

एक वाजता लाल दिवा विझला. बाप रोजच्यासारखा जेवायला घरी गेला. धाकटी आणि कानसेन चहाला गेले. कारखान्यात थोरली आणि तिथला जुना मदतनीस उरले. त्याला सगळे दादा म्हणत. थोरलीने शटर अर्धे खाली ओढले आणि बापाने सकाळी बसवलेल्या इंजिनावर वाकली. मला पान्याचा आवाज आला. मग पातळ पत्र्याचा. इंजिनाच्या झडपांमध्ये किती फट आहे हे मोजायला पत्र्याच्या पट्ट्या असतात, त्यांचा.

“बघा,” ती दादाला म्हणाली. “इथे तीन दशांश मिलिमीटर हवं. बाबांनी जवळजवळ दुप्पट ठेवलंय. दुसरीला फटच नाही. हे असंच समुद्रात गेलं असतं तर?”

“आज हात जास्तच कापत होते त्यांचे,” दादा म्हणाला.

“सहा वर्षं झाली, दादा. सहा वर्षं त्यांनी बांधलेलं एकही इंजिन मी जेवणाच्या तासात परत खोलल्याशिवाय बाहेर सोडलेलं नाही. आणि ते दोन वाजता येतात, इंजिन सुरू करतात, आवाज ऐकतात आणि म्हणतात, बघ, म्हाताऱ्याचा हात. आणि मी म्हणते, हो बाबा. त्यांना कळलं ना, तर ते दुसऱ्या दिवशी उठायचे नाहीत. मरेपर्यंत कळू द्यायचं नाही मला.”

एक मिनिट चाळीस सेकंद. मी प्रत्येक अक्षर टिपले, श्वासासकट. मला तेवढेच येते.

संध्याकाळी कानसेनने तपासताना ते ऐकले आणि कानांवरचे हेडफोन काढून ठेवले. धाकटीने विचारले, “काय झालं?” त्याने तिच्या कानाला लावले. ती पहिल्यांदा रडली. दुसऱ्यांदा ऐकताना रडली नाही. तिसऱ्यांदा ऐकताना तिने वेळ लिहून घेतली.

“हे ताईंना विचारल्याशिवाय वापरायचं नाही,” कानसेन म्हणाला.

“विचारलं तर ती नाही म्हणेल.”

“अगं, म्हणूनच विचारायचं असतं.”

“तिची सही आहे. आणि कळतंय का तुला, हा बाबांवरचा सिनेमा नाहीच आता. हा तिच्यावरचा सिनेमा आहे. कोणी कधी म्हणालंय का तिला, की तू काय करतेस? मी म्हणतेय!”

“बाबा पहिल्या रांगेत बसणार आहेत.”

“बाबांना कधीतरी खरं कळायलाच हवं.”

मित्रांनो, मी त्या वेळी टेबलावर उताणा पडलो होतो. तिच्या आवाजात खोटेपणा नव्हता. हेच वाईट होते. तिला खरोखर वाटत होते की ती बहिणीचा मान करते आहे. आणि थोडे, अगदी थोडे, तिला हेही दिसत होते की असा तुकडा आयुष्यात एकदाच हाती लागतो. कानसेन तिला आणखी काही बोलला नाही. माझ्या मते त्याने बोलायला हवे होते. त्यानेच मला चालू ठेवले होते.

महोत्सवाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला सिनेमा लागला. सभागृह गच्च. बाप इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत. त्याच्या शेजारी थोरली, पलीकडे दादा. मागे होडीवाले. तिसऱ्या रांगेत तीन परीक्षक, मांडीवर वह्या. मी पडद्यामागच्या खोलीत धाकटीच्या कॉलरवर होतो, कारण महोत्सवाचे स्वतःचे माइक खाऱ्या वाऱ्याने खरखरत होते आणि कानसेनने मला उसने दिले होते.

पहिली एकावन्न मिनिटे लोक हसले, ओळखीचे इंजिन दिसले की ओरडले. बापाने दोनदा टाळ्या वाजवल्या. मग पडद्यावर त्याचे हात आले, संपूर्ण पडदाभर, पान्याभोवती थरथरणारे. आणि वरून थोरलीचा आवाज. तोच. माझा. भोंग्यातून आलेला, माणसापेक्षा मोठा.

धाकटीच्या छातीचे ठोके मी मोजत होतो. मिनिटाला एकशे चोवीस.

सिनेमा संपल्यावर टाळ्या झाल्या, खूप वेळ झाल्या, पण पुढच्या दोन रांगांतून आल्या नाहीत. दिवे लागले. चर्चा घेणारे गृहस्थ गोड बोलणारे होते. त्यांनी धाकटीला खुर्ची दिली आणि म्हणाले, “तो कबुलीजबाब ऐकताना अंगावर काटा आला. इतकं प्रामाणिक क्वचितच...”

“थांबा जरा,” मागून एक होडीवाला उठला. “आमची इंजिनं मग बांधतं कोण? पैसे घेताना तर म्हातारबाबा स्वतः पुढे येतात.”

कोणी तरी हसले. मग पहिल्या रांगेत बाप उभा राहिला. त्याला माइक लागला नाही.

“खोटं आहे,” तो म्हणाला. “सगळं खोटं. माझ्या कामाला आजवर कोणी हात लावलेला नाही.” तो थोरलीकडे वळला. “ऊठ. सांग ह्यांना.”

मी सेकंद मोजले. चार गेले. चार सेकंद ही फार मोठी शांतता असते, मित्रांनो. घड्याळ घेऊन बघा.

थोरली उठली. “खोटंच आहे,” ती म्हणाली. “मी दादासमोर शेखी मिरवत होते. बाबांची सर यावी म्हणून उगाच फुशारकी मारली. मी त्यांच्या कामाला बोट लावलेलं नाही.”

सभागृह खवळले. “बापाच्या नावावर शेखी?” “लाज वाटत नाही?” कोणी तोंडाने ‘च्च’ केले, आणि ते पसरत गेले. जिने सहा वर्षे उपाशीपोटी त्यांची इंजिने नीट केली, तिलाच ते ‘च्च’ करत होते. ती ताठ उभी होती. नजर धाकटीवर. त्या नजरेत माया शोधू नका, नव्हती.

परीक्षकांपैकी एक बाई म्हणाल्या, “हा माहितीपट आहे. हे विधान तुम्ही तपासलं नव्हतं?”

“ती आत्ता खोटं बोलतेय!” धाकटी ओरडली. माझा पडदा फाटेल इतके जोरात. “तेव्हा खरं बोलत होती. ह्या माइकवर आहे ते. दादाही होते तिथे. दादा, तुम्ही सांगा.”

दादा सावकाश उठला. कानामागे हात धरला. “काय म्हणालीस पोरी? मला इंजिनांपायी कमी ऐकू येतं.” आणि खाली बसला. आदल्या दिवशी याच माणसाने चार गल्ल्यांपलीकडच्या होडीचे इंजिन आवाजावरून ओळखले होते.

“ठीक आहे,” धाकटी म्हणाली. “मी सिद्ध करू शकते.”

“कर की,” थोरली म्हणाली. अगदी हळू म्हणाली, तरी शेवटच्या रांगेपर्यंत गेले. “तू शिकलेली आहेस. कर सिद्ध. बाबा समोरच आहेत. त्यांना वर बोलाव. हातात मोजपट्टी दे. सगळ्या गावासमोर फट मोजायला लाव. तुझा कॅमेरा पण लाव. मस्त येईल चित्र.”

बाप अजून उभाच होता. त्याने दोन्ही हात सदऱ्याच्या खिशांत घातले.

धाकटीने ते पाहिले. मला कसे कळले? तिचा श्वास मध्येच अडला आणि ठोके एकशे चाळीसवरून खाली यायला लागले, जसे जिना उतरतात तसे. तिच्या हाती काय होते, ते नीट समजून घ्या. खरे तिच्या बाजूला होते. परीक्षक समोर होते. इतक्या महिन्यांची मेहनत होती. आणि ते खरे सिद्ध करायचा एकच मार्ग होता: त्या दोन हातांना खिशांबाहेर काढणे.

“मी तपासलं नाही,” ती म्हणाली. “माझी चूक झाली. तो भाग खोटा आहे.”

परीक्षक बाईंनी वहीत काहीतरी लिहिले आणि वही मिटली. धाकटीने मला कॉलरवरून ओढून काढले आणि टेबलावर टाकले. त्यानंतर मला फक्त लाकूड ऐकू आले.

कानसेनने मला उचलले, तेव्हा सगळे बाहेरच्या पायऱ्यांवर होते. मी त्याच्या मुठीत होतो, वारा बोटांमधून शीळ घालत होता. थोरली धाकटीला म्हणाली, “उपकार केलेस असं समजू नकोस.”

“तुझ्यासाठी नाही केलं.”

“ते माहितीये. तू माझ्यासाठी काहीच केलेलं नाहीस. माझं नाव पुढे करून सगळं केलंस.”



बाप दोन पायऱ्या खाली उतरला होता. मागे न वळता तो थोरलीला म्हणाला, “उद्यापासून मी जेवायला घरी जाणार नाही. माझा डबा कारखान्यातच आण.”

बस. एवढेच. त्याला काय कळले आणि काय नाही, हे त्याने ना तेव्हा सांगितले, ना नंतर. पण तो तास त्याने तिच्या हातून काढून घेतला.

दोन आठवड्यांनी कानसेन माफी मागायला कारखान्यात गेला. मी त्याच्या वरच्या खिशात होतो. दुपारचा एक वाजला होता. शटर पूर्ण वर होते. बाप स्टुलावर बसून डबा खात होता आणि थोरली इंजिनावर वाकलेली होती, उघडउघड, रस्त्यावरून दिसेल अशी.

“अर्धा फेरा मागे घे. अर्धा म्हटलं, पाव नाही. कुठे शिकलीस तू?”

“तुमच्याकडेच. जेवा की गप.”

“तोंड चालतं तेवढा हात चालव. पन्नास वर्षं केलंय मी हे. असं धरतात पाना?”

रागावलेलाच आवाज होता. तिचाही आणि त्याचाही. दोघे जण एकमेकांवर चांगलेच खेकसत होते, आणि पट्टी मात्र फटीत नेमकी सरकत होती. मला ती सरकताना ऐकू आली.

कानसेनने घसा खाकरला. थोरलीने पाना त्याच्या छातीकडे, म्हणजे माझ्याकडे रोखला. “ते किडूक घेऊन परत आत आलास तर इंजिनात टाकून पिठी करीन त्याची.” तो उंबऱ्यावरूनच माफी मागून परत फिरला. मला तिचा राग आला नाही.

धाकटीने सिनेमातून ती एक मिनिट चाळीस सेकंद काढून टाकली. आता तो साधा, थोडा कंटाळवाणा सिनेमा आहे आणि तो कुठल्याही महोत्सवात फारसा चालत नाही. बहिणी एकमेकींशी बोलत नाहीत. पुढे बोलतील की नाही, मला माहीत नाही. मला फक्त बोललेले ऐकू येते.

कानसेनने मात्र कामाची पद्धत बदलली. आता कोणालाही मला लावताना तो आधी सांगतो, “कॅमेरा बंद असला तरी हा ऐकत असतो. तुम्हाला खासगी बोलायचं असेल तर आधी मला हाक मारा.” आणि सुट्टी झाली की दहा मिनिटे गेली तरी चालतील, पण तो मला काढतो, डबीत ठेवतो आणि डबी मिटतो. त्या अंधारात मला काही ऐकू येत नाही. सुरुवातीला राग यायचा. आता तिथे बरे वाटते.

मित्रांनो, माझे दिवस थोडे राहिले आहेत. पडद्याला मीठ लागले आहे आणि ‘स’ आता ‘श’सारखा जातो. मला कोरड्या जागी ठेवा, तारेला पीळ देऊ नका, हे सगळे मी सांगणारच होतो. पण माझ्याहून धारदार कान आता तुमच्या सगळ्यांच्या खिशात असतात, आणि ते माझ्यासारखेच खरे-खोटे, बरे-वाईट काही न बघता सगळे टिपतात. म्हणून माझ्यापेक्षा बोलणाऱ्याची काळजी घ्या. ज्याच्या गळ्याशी मला लावाल, त्याला आधी विचारा. तो नाही म्हणेल अशी भीती वाटली, तर नक्कीच विचारा. आणि काम झाले की चहाला जाण्याआधी त्याला मोकळे करा.